ताई, नर्सरीत घालू का अजून एक वर्ष थांबू?

दिवाळी झाली की शाळांचे फॉर्म निघतात आणि या सदराच्या पत्रांमध्ये दुसरा विषयच उरत नाही. सव्वीस वर्षं डोंबिवलीत बालवाडी चालवली मी, दरवर्षी याच दिवसांत दाराशी एक आई उभी असायची, कडेवर मूल, हातात जन्माचा दाखला, आणि प्रश्न तोच. यावेळी चार पत्रं घेतलीयत. पहिल्यालाच सगळ्यात जास्त जागा दिलीय कारण बाकीच्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा १९ डिसेंबर २०२३ चा आहे. घराजवळच्या शाळेत विचारलं तर म्हणाले ३१ डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होतायत ना, मग येत्या जूनला नर्सरीत बसतो, फॉर्म भरून टाका. दुसरी सीबीएसई शाळा आहे ती म्हणते बसत नाही, पुढच्या वर्षी या. आता खरं कुणाचं? सासूबाई म्हणतात घरी नुसता मोबाईल बघत बसतो त्यापेक्षा जाऊ दे की, वर्ष कशाला वाया घालवायचं. मिस्टर म्हणतात तू ठरव. त्याला एबीसीडी पूर्ण येते, वीसपर्यंत आकडे येतात, सगळे रंग इंग्लिशमध्ये सांगतो. बोलतो भरपूर पण ते आम्हालाच कळतं, बाहेरच्यांना मला सांगावं लागतं तो काय म्हणतोय ते. दिवसाचा डायपर सुटलाय, रात्रीचा आहे. मला सोडून कुणाकडेच राहत नाही. तयार आहे का तो शाळेला? कसं ओळखायचं असतं हे?
— एक आई, कल्याण

उत्तर : आधी तारखांचा घोळ सोडवू, म्हणजे डोकं शांत होईल. दोन्ही शाळा खरं सांगतायत. आपल्या राज्याने २०२० मध्ये वय मोजायची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबरवर नेली, नर्सरीला तीन आणि पहिलीला सहा ३१ डिसेंबरला पूर्ण पाहिजेत, म्हणून पहिली शाळा हो म्हणते. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा ३१ मार्च धरतात, केंद्रीय विद्यालयात तर ३१ मार्चच आहे, म्हणून दुसरी नाही म्हणते.

आता कागद-पेन घ्या आणि नर्सरीपासून नाही, पहिलीपासून उलटं मोजत या. येत्या जूनला घातलात तर तो नर्सरीत बसेल तेव्हा अडीच वर्षांचा असेल आणि जून २०२९ ला पहिलीत जाईल तेव्हा साडेपाचचा. थांबलात तर नर्सरीला साडेतीन आणि जून २०३० ला पहिलीत साडेसहा. हे जे साडेपाच आणि साडेसहा आहे ना ते नीट बघा, कारण नर्सरी सगळ्यांची हसत-खेळत निघते, फटका पहिली-दुसरीत बसतो, जेव्हा वाचायचं-लिहायचं असतं आणि शेजारच्या बाकावरचं मूल अकरा महिन्यांनी मोठं असतं. अडीच वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या एक तृतीयांशाहून जास्त! मग बाई म्हणतात "लक्ष देत नाही", "स्लो आहे", आणि ते लेबल चिकटतं. मूल स्लो नसतं हो, लहान असतं.

आणखी एक, ज्याचा विचार कुणी करत नाही. आत्ता ३१ डिसेंबरच्या हिशोबाने घातलं आणि पहिलीला वाटलं चला केंद्रीय विद्यालयात टाकू, बदलीच झाली समजा, तर मार्च २०२९ ला तो फक्त सव्वापाच वर्षांचा असेल, तिथे सहा लागतात, म्हणजे पुन्हा एक वर्ष सिनिअर केजी. माझ्याकडे अशी दोन कुटुंबं रडकुंडीला आलेली आठवतात.

हे झालं वयाचं. आता तयारीचं, म्हणजे तुमचा खरा प्रश्न.

एबीसीडी, वीसपर्यंत आकडे, रंग, हे सगळं छान आहे, कौतुक करा, पाहुण्यांसमोर म्हणायला लावू नका एवढंच. पण शाळेच्या पहिल्या महिन्यात याचा उपयोग शून्य. मी एकच गोष्ट बघायचे. मुलाला काही हवंय, नकोय, दुखतंय, आलंय, हे ते अनोळखी बाईमाणसाला सांगू शकतं का? शब्दांनीच पाहिजे असं नाही. हाताला धरून नेलं, बोट दाखवलं, पदर ओढला, सगळं चालतं. पण सांगायचं असतं हे त्याला कळायला हवं, आणि घराबाहेरच्या माणसाला सांगितलं तरी आपलं काम होतं हा भरवसा हवा.

एक मुलगा होता माझ्याकडे, देशांचे झेंडे ओळखायचा, काय ते कौतुक सगळ्या बिल्डिंगला. शाळेच्या चौथ्या दिवशी दोन तास ओल्या चड्डीत बसून राहिला, हूं की चूं नाही. घरी त्याने नुसतं पायाला पाय घासला की आजी उचलून न्यायची, त्यामुळे "शू आली" म्हणायची वेळच कधी आली नव्हती त्याच्यावर. मला आणि आमच्या मावशींना ती पायाची खूण कशी कळणार? त्याच वर्गात एक पोरगी होती जिला तीनच्या पुढे मोजता येत नव्हतं, ती दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाली, "बाई तुमचा डबा कुठाय? मला द्या ना थोडं." दोघांपैकी शाळेला तयार कोण ते तुम्हीच सांगा.

तुम्ही लिहिलंय की त्याचं बोलणं तुम्हालाच कळतं. अडीचच्या आत हे चालतं, पण तीनच्या आसपास बाहेरच्या माणसाला साधारण चारातल्या तीन गोष्टी कळायला हव्यात आणि चाराला जवळजवळ सगळं. तीन झाले आणि तरी तुम्हालाच भाषांतर करावं लागतंय असं असेल तर "शाळेत घातलं की बोलेल" असं म्हणत बसू नका, आधी कान तपासून घ्या. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. रात्रीच्या डायपरची मात्र अजिबात काळजी नको, पाच वर्षांची कितीतरी मुलं रात्री गादी ओली करतात. शाळा रात्री नसते.

घरी काय करून बघायचं? वाण्याकडे जाल तेव्हा पैसे त्याच्या हातात द्या आणि "काका, बिस्किटपुडा द्या" हे त्यालाच म्हणू द्या, तुम्ही एक पाऊल मागे राहा, काकांना नाही कळलं तर लगेच मध्ये पडू नका, त्याला पुन्हा सांगू दे. घरी त्याने नुसतं बोट दाखवलं की पाणी देऊ नका, म्हणजे छळू नका, पण "काय हवं?" असं विचारून दोन क्षण थांबा. बूट त्याला घालू दे, उलटे का घालेना. चड्डी वरखाली करता यायला हवी, त्यासाठी नाडीच्या आणि बटणवाल्या पँटी काढून टाका, इलॅस्टिकच्या आणा. आणि शेजारी किंवा बहिणीकडे त्याला तासभर ठेवायला लागा, आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. जाताना सांगून जायचं. नजर चुकवून पळायचं नाही, हे मी शंभरदा सांगते तरी सगळ्या आया पळतात. मूल रडतं म्हणून पळता, पण त्यातून ते शिकतं की आई कधीही गायब होऊ शकते, मग ते संडासातसुद्धा तुमच्या मागे येतं.

रडण्याबद्दल एक सांगते. शाळेच्या गेटवर रडणं म्हणजे तयार नसणं नाही. पहिले दहा-पंधरा दिवस बहुतेक सगळीच रडतात. बाईंना विचारायचं ते असं की मी गेल्यावर किती वेळ रडतो? पाच-दहा मिनिटांत खेळायला लागत असेल तर ते रडणं तुमच्यासाठी होतं. महिना झाला तरी डबा तसाच परत येतोय, रात्री दचकून उठतोय, सुटलेली शू परत अंथरुणात व्हायला लागलीय, तर काढून घ्या सरळ. फी गेली तर गेली. लाज नाही त्यात.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, मोबाईल हा खरा प्रश्न आहे. पण त्यावर औषध नर्सरी नाही, नर्सरी तीन तास असते, उरलेल्या वेळात मोबाईल आहेच. त्यांनाच सांगा की मटार सोलायला, मेथी निवडायला, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावायला याला शेजारी घेऊन बसा, गोष्टी सांगा. जोड्या लावणं म्हणजेच ते ज्याला शाळेत वर्कशीट देऊन "मॅच द फॉलोइंग" म्हणतात. आणि वर्ष वाया जातं म्हणजे नक्की कुठे जातं हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही, दहावीला पंधराचा होता का सोळाचा हे नंतर कोण विचारतं?

मी स्वतः चुकलेय म्हणून इतकं बोलतेय. माझ्या मुलीला मी सव्वादोन वर्षांची असताना माझ्याच बालवाडीत बसवलं, कारण सोय, मला दुसरीकडे ठेवायची नव्हती. ती वर्गात मजेत असायची, मला वाटलं जमलं. दुसरीत गेल्यावर घड्याळ आणि हातच्याची वजाबाकी यावरून आमच्या घरात जी रडारड झाली ती मी विसरलेले नाही, आणि चौथीत सगळं आपोआप सुटलं, नुसतं वय वाढलं म्हणून. तेव्हा तुमच्या जागी मी असते तर थांबले असते. हे वर्ष जवळपास एखादं खेळघर मिळालं, आठवड्यातून दोन-तीन दिवस तासभर, तर तिथे न्या आणि सीबीएसईवालीकडे पुढच्या वर्षी जा. नोकरीमुळे त्याला कुठेतरी ठेवायलाच लागणार असेल तर गोष्ट वेगळी, तसं असेल तर चांगलं पाळणाघर बघा आणि त्याला पाळणाघरच म्हणा.

प्रश्न : आमच्या मुलीचा (वय ३ वर्षं ८ महिने) ज्युनिअर केजीसाठी "इंटरॅक्शन" आहे असा एका शाळेचा मेसेज आलाय, आम्हा दोघांनाही बोलावलंय. क्लासवाल्या मॅडम रोज तिच्याकडून स्टँडिंग लाईन, स्लीपिंग लाईन काढून घेतायत पण ती पेन्सिलच फेकून देते. तिची तयारी कमी पडतेय का?
— पुणे

उत्तर : पेन्सिल फेकते म्हणजे ती शहाणी आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती नुसती कूर्चा असते आणि मग वर्षानुवर्षं एकेक करून कडक होत जाते, या वयात निम्मं काम बाकी असतं. त्या मनगटाला रेघेवर रेघ मारायला लावायचं, तेही पावणेचारला? कणकेचा गोळा द्या, माती द्या, खडू देऊन अंगणभर रेघोट्या ओढू दे, कपड्यांचे चिमटे लावायला-काढायला द्या. बोटांत ताकद आली की पेन्सिल आपोआप धरली जाते. क्लास बंद करा, पावणेचारच्या मुलीला क्लास असतो हेच मला पचत नाही.

इंटरॅक्शनचं म्हणाल तर, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई आहे, म्हणून शाळांनी त्याला गोड नाव शोधलंय. जा, पण तुम्ही शाळा बघायला जाताय असं समजून जा. एका वर्गात किती मुलं आणि किती बाई, संडास वर्गाच्या किती जवळ आणि त्यात मुलांच्या उंचीचं भांडं आहे का, खेळणी वापरून मळलेली आहेत का कपाटात काचेमागे चकाचक ठेवलीयत. खेळणी स्वच्छ नवीकोरी दिसली तर समजून जायचं.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त माणूस, पाटण तालुक्यात राहतो. नात साडेतीन वर्षांची. गावात अंगणवाडी आहे, घरापासून पाच मिनिटांवर. मुलगा-सून म्हणतात तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घालू, व्हॅन येते, जायला पन्नास मिनिटं यायला पन्नास मिनिटं. मला पटत नाही पण मी जुना माणूस, माझं कोण ऐकणार. मुलगी एवढ्या लांब जायला तयार आहे हे कसं ठरवावं?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, नमस्कार. ती शाळेला तयार असेल, व्हॅनला तयार नाही. साडेतीनच्या मुलीचे रोजचे शंभर मिनिटं घाटरस्त्याने, दहा-बारा पोरांच्या गर्दीत, उलटी आली तर सांगायला मोठं माणूस म्हणून फक्त ड्रायव्हर. या वयाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते, सकाळची व्हॅन पकडायला तिला किती वाजता उठवावं लागेल ते मुलाला मोजायला सांगा, तो स्वतःच गप्प बसेल.

आणि अंगणवाडी हा शब्द कुठून आला ते सूनबाईंना जरूर सांगा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येतच नाहीत. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, मोठी मुलं गुरं राखायला जायची तर कुरणात नेली. नंतर २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. म्हणजे जी गोष्ट मुलाच्या दारात यावी म्हणून एवढी खटपट झाली ती तुमच्या दारात आहे, आणि मूल निघालंय पन्नास मिनिटं लांब.

आता मी अंगणवाडीची वकिली डोळे मिटून करत नाही, सगळ्या सारख्या नसतात. चार दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा तिथे. सेविका मुलांशी बोलतात का, गाणी-गोष्टी होतात का, का नुसता खाऊ वाटून मुलं घरी. कमी वाटलं तर तुम्ही निवृत्त आहात की! आठवड्यातून दोनदा जाऊन गोष्ट सांगा, सेविकाताईंकडे रजिस्टरंच इतकी असतात की त्यांना मदत नको असं होणारच नाही. इंग्लिशची भीती मुलाला असेल तर सांगा की पाच-सहाला सुरू केलं तरी येतं, आधी एका भाषेत नीट बोलता-ऐकता आलं पाहिजे. पहिलीला इंग्लिश मीडियमच हवं असेल तर तेव्हा बघू, तेव्हा ती सहाची असेल, व्हॅनही झेपेल.

प्रश्न : ताई, आम्ही कॅलिफोर्नियात असतो, सनीवेलजवळ. मुलगा २० ऑगस्टला पाच वर्षांचा होईल म्हणजे इथल्या १ सप्टेंबरच्या कटऑफमध्ये बसून किंडरगार्टनला पात्र आहे, पण वर्गात सगळ्यात लहान असणार. इथे बरेच जण ऑगस्टच्या मुलांना मुद्दाम एक वर्ष थांबवतात. शिवाय घरी आम्ही फक्त मराठी बोलतो, त्याला इंग्लिश समजतं पण बोलत कमी. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात, तिथे मराठी लिहिलं तर त्याची इंग्लिशची टेस्ट घेतात म्हणे, मग लिहू का नको? मैत्रिणी म्हणतात आता घरी इंग्लिश सुरू करा.
— एक बाबा

उत्तर : बाबांचं पत्र आलं, बरं वाटलं.

घरचं मराठी बंद करू नका, हे आधी. दोन भाषांची मुलं नव्या जागी गेली की काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, गप्प राहून ऐकत असतात आणि मग एक दिवस अख्खं वाक्य टाकतात. आमच्या बालवाडीत तेलुगू, गुजराती घरची मुलं यायची, गणपतीपर्यंत गप्प, दिवाळीनंतर मला मराठीत उलटं बोलायची. तुम्ही मोडक्या मनाने घरी इंग्लिश सुरू केलंत तर इंग्लिश त्याला शाळेतूनच येणार आणि आजीशी बोलायचं मात्र जाणार. फॉर्मवर खरं तेच लिहा, मराठी. टेस्ट होईल, इंग्लिश शिकणारा म्हणून नोंद झाली तर भाषेसाठी जास्तीची मदत मिळेल, त्यात कमीपणा कसला? इंग्लिश येत नाही आणि समज कमी आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं मात्र शिक्षकांकडून स्पष्ट वदवून घ्या.

ऑगस्टच्या वाढदिवसाचं. कल्याणच्या आईला मी थांबा म्हटलंय म्हणून तुम्हालाही म्हणेन असं वाटलं असेल तर नाही. तिकडे अडीच होते, इथे पाच आहेत, आणि सगळ्यात लहान असणं एवढ्याच कारणासाठी मी पाचच्या मुलाला थांबवणार नाही. तुमच्याकडे चार वर्षांच्या मुलांसाठी टीके म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन आहे, तो या वर्षी तिथे जातच असेल तर त्या शिक्षकांना विचारा, त्यांनी त्याला बाकीच्या मुलांमध्ये बघितलंय, आपण घरी एकटं बघतो. विचारायचं काय ते वर लिहिलंच आहे, अडलं तर तुमच्याकडे येतो का, मोडक्या इंग्लिशमध्ये, खुणेने, कसंही? रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबतो का? खेळात हरला तर दोन मिनिटांत सावरतो का तासभर रुसतो? यातल्या बहुतेकांना हो असेल तर पाठवा. सगळ्याला नाही असेल तर थांबायला हरकत नाही, पण त्या वर्षात तो काय करणार हे आधी ठरवून थांबा.

आणि जेवणाची सुट्टी तिकडे फार छोटी असते, माझ्या भाचीच्या मुलाचा डबा पहिले पंधरा दिवस बंदच्या बंद परत आला होता, आई म्हणे आवडत नसेल, नंतर कळलं स्टीलच्या डब्याचं झाकण त्याला उघडतच नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती. तेव्हा ऑगस्टच्या आधी डबा-बाटली आणून ठेवा, महिनाभर घरी रोज दुपारी त्यातूनच जेवू दे, झाकण त्यानेच उघडायचं, आणि "कॅन यू ओपन धिस प्लीज" एवढं एक वाक्य मात्र घरी इंग्लिशमध्ये पाठ करून घ्या.